हेक्झामेथोनियम आणि १९६६ ची भिंत : एका अपुऱ्या शोधाचं प्रकरण

४ मे २००१ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दमा आणि ॲलर्जी केंद्रात, २४ वर्षांच्या एका तरुणीने हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे घेतलं. मात्रा सुमारे एक ग्रॅम. ती आजारी नव्हती. त्याच केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करत होती आणि संशोधनात स्वयंसेवक म्हणून सहभागी झाली होती. सगळे टप्पे पुरे केले असते, तर तिला ३६५ डॉलरपर्यंत मानधन मिळणार होतं. दुसऱ्याच दिवशी कोरडा खोकला सुरू झाला. ९ मे रोजी तिला रुग्णालयात दाखल केलं, १२ मे रोजी अतिदक्षता विभागात हलवलं. फुप्फुसं निकामी होत गेली. २ जूनला ती गेली.

वैद्यकीय नीतिशास्त्राच्या तासाला हे प्रकरण हमखास येतं. त्यात ‘साहित्यशोध अपुरा होता’ असं एक वाक्य असतं आणि मग गाडी संमतीपत्राकडे वळते. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून मला त्या एका वाक्यापाशीच थांबायचंय. अपुरा म्हणजे नेमका कुठे अपुरा? आणि त्या वेळी शेजारी ग्रंथपाल बसला असता, तर त्याने वेगळं काय केलं असतं?

आधी औषधाबद्दल. मज्जातंतूंचे संदेश जिथे एका पेशीकडून दुसरीकडे सोपवले जातात, त्या गाठींवर हेक्झामेथोनियम काम करतं आणि संदेश अडवतं. पेटन आणि झाइमिस या दोघांनी १९४८ मध्ये मेथोनियम संयुगांवरचं काम प्रसिद्ध केलं. रक्तदाब उतरवणारी परिणामकारक औषधं तेव्हा जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे पन्नाशीच्या दशकात डॉक्टरांनी ते भरपूर वापरलं. पुढे चांगली औषधं आली, हे मागे पडलं आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याची मान्यता काढून घेतली. हॉपकिन्सच्या संशोधकाला रक्तदाबाशी कर्तव्य नव्हतं. दीर्घ श्वास घेतला की निरोगी माणसाच्या श्वासनलिका मोकळ्या राहतात, दम्याच्या रुग्णात तसं होत नाही. असं का होतं, हे त्याला शोधायचं होतं. यामागे मज्जातंतूंचा हात असेल, तर त्यांचे संदेश तात्पुरते अडवून पाहता येईल, म्हणून हेक्झामेथोनियम. प्रश्न चांगला होता, पैसा सरकारी आरोग्य संस्थेचा होता. रसायन मात्र प्रयोगशाळेतल्या वापरासाठीचं मागवलेलं होतं, माणसाला द्यायचं औषध म्हणून नव्हे.

संशोधकाने वाचलं नव्हतं असं नाही. त्याने पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, पाहिली, औषधशास्त्राचं प्रमाण पाठ्यपुस्तक पाहिलं. पूर्वी काही मोजक्या लोकांना हेच रसायन श्वासावाटे दिल्याचे लेख त्याला मिळाले आणि त्यांत फुप्फुसांना इजा झाल्याचं काही नव्हतं. विद्यापीठाच्या चौकशी समितीनेही पुढे म्हटलं, की त्याचा प्रयत्न प्रामाणिक होता, पण मोजक्याच साधनांवर थांबला. पबमेडमधला शोध तेव्हा फक्त १९६६ पर्यंत मागे जायचा.

भिंत ती हीच. तिच्या पलीकडे काय होतं? लंडनच्या डॉक्टरांचा १९५४ सालचा ब्रिटिश हार्ट जर्नलमधला लेख होता. विषय शीर्षकातच : रक्तदाबासाठी हेक्झामेथोनियम देताना फुप्फुसांत होणारे बदल. १९५५ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात याच उपचारातल्या फुप्फुसांच्या गुंतागुंतींवर लेख होता. १९५६ मध्ये एका गरोदर स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली, तिच्या शीर्षकात ‘हेक्झामेथोनियम लंग’ हे शब्द आहेत. म्हणजे तोवर या दुखण्याला नाव पडलं होतं! नाव मिळालेलं दुखणं पंचेचाळीस वर्षांनी अनोळखी ठरलं, कारण ज्या खिडकीतून पाहिलं ती त्याच्यानंतर बसवली गेली होती.

१९६६ हे साल कुणी विचार करून निवडलेलं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने साठच्या दशकात वैद्यकीय लेखांच्या सूचीचं काम संगणकावर नेलं, १९७१ मध्ये मेडलाइन, म्हणजे आज पबमेडमधून शोधता येतो तो डेटाबेस, सुरू झालं आणि यंत्राला वाचता येतील अशा नोंदी जिथपासून होत्या, तिथपासून शोध चालू झाला. त्याआधीचं सगळं छापील खंडांत राहिलं. पुढे जुन्या नोंदी टंकून घ्यायला सुरुवात झाली, पण २००१ मध्ये ते भांडार वेगळं आणि अर्धवट भरलेलं होतं. १९९७ मध्ये पबमेड सगळ्या जगाला फुकट खुलं झालं आणि लाखो नोंदी समोर आल्यावर, याच्या बाहेर काही असेल ही शंकाच मावळली. मी स्वतः त्या काळात इंडेक्स मेडिकस या छापील सूचीचे जाड खंड रॅकवरून उतरवून तळघरात जाताना पाहिलेत. जागा हवी होती, काँप्युटर ठेवायचे होते.

आता एक योगायोग. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंडेक्स मेडिकस १८७९ मध्ये सुरू केला जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरने. जगातलं सगळं वैद्यकीय लेखन एका सूचीत बांधायचं, हा त्याचा ध्यास. आणि १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा आराखडाही याच बिलिंग्जचा. बरं, एवढ्यावर संपत नाही. १९४८ ते १९५३ या काळात हॉपकिन्सच्याच वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात, लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाच्या पैशातून, वैद्यकीय लेखांची सूची यंत्राने कशी करता येईल यावर प्रकल्प चालू होता. यूजीन गारफिल्ड हा तरुण रसायनशास्त्रज्ञ १९५१ मध्ये तिथे लागला. कोणत्या लेखाने कोणत्या जुन्या लेखाचा आधार घेतला, याचा माग काढणारी सायन्स सायटेशन इंडेक्स त्याने पुढे १९६४ मध्ये बाजारात आणली. थोडक्यात, हेक्झामेथोनियम घेणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांबद्दल डॉक्टर लिहू लागले होते, त्याच सुमारास ‘असं लिहिलेलं हरवणार नाही हे कसं पाहायचं’ यावर याच संस्थेत डोकं चालवलं जात होतं.

टेबलापाशी बसून पाहिलं तर

बातमी फुटल्यावर अनेक वैद्यकीय ग्रंथपालांनी हाच शोध स्वतः करून पाहिला आणि जुने लेख फार कष्ट न पडता हाती लागले. घडून गेल्यावर शहाणपण सगळ्यांना येतं, हे खरं. काय शोधायचं हे त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणून मी रेसिडेंट मुलांपुढे हे प्रकरण मांडते तेव्हा उत्तर झाकून ठेवते. समजा, एक डॉक्टर काउंटरवर आला आणि म्हणाला, ‘हेक्झामेथोनियम श्वासावाटे दिलं तर धोका आहे का, तेवढं बघून द्या.’

नवखा माणूस लगेच कीबोर्डकडे वळतो. मुरलेला ग्रंथपाल आधी विचारतो, ‘श्वासावाटे दिलेलंच बघायचं, की कुठल्याही मार्गाने?’ सगळं प्रकरण या प्रश्नात आहे. ‘श्वासावाटे’ हा शब्द शोधात घातला, की पन्नाशीच्या दशकातले सगळे लेख गळतात, कारण तेव्हा औषध गोळीतून आणि इंजेक्शनातून दिलं जात होतं. इजा मात्र फुप्फुसांनाच झाली होती. शोधणाऱ्याला मार्ग महत्त्वाचा वाटत होता, पण पाहायला हवा होता अवयव.

दुसरा प्रश्न : ‘हे औषध कधी आलं, कधी बंद झालं?’ आलं १९४८ च्या आसपास, भराचा काळ पन्नाशीचं दशक. आणि डेटाबेस सुरू होतो १९६६ मध्ये. या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या, की पेन्सिल आपोआप थांबते. औषध ऐन भरात असताना ज्या डेटाबेसचा जन्मच झाला नव्हता, त्याला त्या औषधाचे दुष्परिणाम विचारायचे म्हणजे नातवाला आजोबांच्या लग्नाची पंगत कशी होती ते विचारण्यासारखं. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच होता. याला वर्गणी लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, दोन आकडे ताडून पाहायचे. पण आपण वापरतो तो डेटाबेस कुठून सुरू होतो हे सांगायची सवय ग्रंथपालाला असते. डॉक्टरला ती असायचं कारण नाही.

मग नावं. जुन्या लेखांत नुसतं ‘मेथोनियम संयुगं’ असंही सापडतं, ‘सी-सिक्स’ असं लघुरूप येतं, क्षारांची वेगळी नावं येतात. ग्रंथपाल हे सगळे शब्द आधी कागदावर मांडतो. पुढची अडचण अशी, की मेडलाइनमध्ये १९७५ च्या आधीच्या नोंदींना बहुतेक सारांशच नसतात. नुसतं शीर्षक आणि विषयसंज्ञा. म्हणजे आजचा लेख शोधताना सारांशातल्या शब्दांवर जी भिस्त ठेवता येते, ती तिथे कामाची नाही. ‘फुप्फुसांची गुंतागुंत’, ‘फुप्फुसांतले बदल’, ‘लंग’ असे ढोबळ शब्द टाकावे लागतात. भरमसाट नको ते येतं, पण हवं ते निसटत नाही. असा जाणूनबुजून पसरट केलेला शोध डॉक्टर मंडळींना वेंधळेपणा वाटतो. सुरक्षिततेच्या प्रश्नाला मात्र जाळं बारीकच विणावं लागतं. लहान मासा सुटला तर चालेल, हे इथे म्हणता येत नाही.

त्यानंतर छापील सूची आणि विषशास्त्राचे संग्रह. आणि शेवटी गारफिल्डची वाट : मिळालेला एखादा नंतरचा लेख घ्यायचा आणि त्याच्या संदर्भांतून मागे जायचं. चौकशी समितीनेच नोंदवलं आहे, की पन्नाशीतल्या त्या लेखांचे उल्लेख नंतरच्या प्रकाशनांत होते. म्हणजे भिंतीला दार होतं. भिंतीच्या अलीकडचा एखादा लेख उघडून त्याच्या तळटिपा वाचल्या असत्या, तरी पलीकडे जाता आलं असतं.

आम्हाला ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथन यांचे पाच सिद्धान्त पाठ करवले जातात. १९३१ साली मांडलेले. त्यांतला चौथा : वाचकाचा वेळ वाचवा. मी या प्रकरणापाशी येते तेव्हा हा चौथा सिद्धान्त मला खुपतो. इथे वाचकाचा वेळ वाचवणारा नको होता. त्याला खुर्चीत बसवून आणखी तासभर खर्च करायला लावणारा हवा होता.

ग्रंथालयाच्या बाहेरचं

सगळं खापर शोधावर फोडणंही खरं नाही. या प्रयोगातल्या पहिल्या स्वयंसेवकालाही रसायन घेतल्यावर खोकला आणि धाप लागली होती. काही दिवसांनी ते थांबलं, पण नीतिसमितीला वेळेवर कळवलं गेलं नाही. दुसऱ्याला काही झालं नाही. तिसरी ती. माझ्या मते तो पहिला खोकला दहा लेखांइतका बोलका होता, आणि तो वाचायला कुठल्याही ग्रंथालयाची गरज नव्हती. संमतीपत्रात हेक्झामेथोनियमचा उल्लेख औषध असा होता. त्याची मान्यता काढून घेतली आहे, या पद्धतीने ते देणं प्रायोगिक आहे, फुप्फुसांना धोका संभवतो, यातलं काही नव्हतं. नीतिसमितीनेही सुरक्षिततेबद्दलचे प्रकाशित लेख मिळवले नाहीत, असा ठपका केंद्र सरकारच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने ठेवला. नेमकं कोणत्या यंत्रणेने फुप्फुसं गेली, यावर शंभर टक्के खात्री कुणी दिली नाही. हेक्झामेथोनियम हे सगळ्यात संभाव्य कारण, इतपतच चौकशी समिती गेली.

१९ जुलै २००१ ला त्या कार्यालयाने हॉपकिन्समधलं केंद्र सरकारच्या पैशावरचं मानवी संशोधन थांबवलं. दोन हजारांहून अधिक अभ्यास एका दिवसात ठप्प, तेही अमेरिकेत सरकारी संशोधन निधी सर्वाधिक मिळवणाऱ्या विद्यापीठात. काही दिवसांत अटींवर परवानगी परत मिळाली. नीतिसमित्या वाढल्या, प्रस्तावांच्या तपासण्या कडक झाल्या. आणि साहित्यशोध, जो तोवर ‘संशोधक करतोच की’ म्हणून कुणी विचारतही नसे, तो तपासायची गोष्ट बनला.

ग्रंथपालांच्या दुनियेत याचे पडसाद अजून आहेत. पद्धतशीर आढाव्यांत, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून पारखणाऱ्या लेखांत, शोध कसा केला हे जसंच्या तसं लिहायचं, दुसऱ्या ग्रंथपालाकडून तपासून घ्यायचं, याचे नियम गेल्या दहा-पंधरा वर्षांत आकाराला आले. ते या एका मृत्यूमुळे आले असं मी म्हणणार नाही. पण का हवेत हे सांगताना बहुतेक प्रशिक्षणांत बाल्टिमोरचं नाव येतं.

रुग्णाच्या खाटेपाशी ग्रंथपालाने जाणं ही कल्पना तर त्याहून जुनी. १९७१ मध्ये कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांच्या राउंडमध्ये उभं केलं. प्रश्न खाटेपाशी निघाला, की लेख शोधून वॉर्डात आणून द्यायचे. याने काही फरक पडतो का? रोचेस्टर भागातल्या १५ रुग्णालयांत डॉक्टरांना हेच विचारलं गेलं. १९९२ मध्ये निघालेल्या त्या अभ्यासात ८० टक्के डॉक्टरांनी सांगितलं, की ग्रंथालयाने दिलेल्या माहितीमुळे उपचारातली काहीतरी गोष्ट नक्की किंवा बहुधा वेगळी केली. डॉक्टरांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, त्यामुळे थोडं मीठ घालूनच घ्यावं. तरी, काहीच बदललं नाही म्हणणारे इतके थोडे निघावेत हे मला बोलकं वाटतं.

आमच्या काउंटरवर

आता इकडे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला थीसिस असते, त्याआधी सिनॉप्सिस म्हणजे तिचा आराखडा, आणि सिनॉप्सिसमध्ये ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’. ‘मॅडम, दहा-बारा रेफरन्स काढून द्या ना, उद्या सबमिट करायचंय, आणि सर म्हणालेत गेल्या पाच वर्षांतलेच घ्या.’ हे वाक्य वर्षातून किती वेळा ऐकते त्याची मोजदाद सोडून दिलीये. मुलगा छत्तीस तासांच्या ड्युटीवरून आलेला असतो, त्याला रागवायचं तरी कसं?

पण ते ‘गेल्या पाच वर्षांतलेच’ बघा. पबमेडच्या डाव्या बाजूला पाच वर्षं, दहा वर्षं अशी बटणं आहेत. आज मेडलाइनच्या नोंदी १९४६ पर्यंत मागे जातात, हॉपकिन्सच्या संशोधकासमोरची भिंत केव्हाच पडली. आमची मुलं एका क्लिकने ती पुन्हा बांधतात, आणि तीही कितीतरी जवळ.

दरवेळी बिघडतं असं नाही. नव्या जैविक औषधावर थीसिस असेल तर पाच वर्षं पुरतील. पण आमच्याकडच्या थीसिस बहुधा जुन्या, स्वस्त औषधांच्या नव्या वापरावर असतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिडचंच घ्या. जपानमध्ये ओकामोतो दांपत्याने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेलं. आज हाडांच्या शस्त्रक्रियेत, नाकातून रक्त येताना, प्रसूतीत, जखमेवर थेट लावून, वाफेतून, सगळीकडे त्याच्यावर अभ्यास चालू आहेत. नव्या मार्गाने द्यायचं जुनं औषध. ओळखीचं वाटतं ना? ते चुकून पाठीच्या मणक्यात टोचलं गेलं, तर रुग्णाला झटके येतात आणि जीवही जातो. ही माहिती ‘जखमेवर लावलेलं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, पाच वर्षं’ या शोधात येणार नाही. मार्ग वेगळा, पण ज्या ऑपरेशन टेबलावर याची आणि मणक्यात द्यायच्या भुलीच्या औषधाची ॲम्प्यूल शेजारी ठेवलेल्या असतात, ते टेबल एकच.

अलीकडे नवीनच दुखणं आलंय. मुलं संगणकी चॅटला विचारतात आणि तो छान दिसणारे संदर्भ देतो : लेखकांची नावं, साल, खंड, पानं. शोधायला जावं तर लेख अस्तित्वातच नसतो. पूर्वी असलेला लेख सापडत नव्हता, आता नसलेला सापडतो. आठवड्यातली एक दुपार मी असे भुताटकीचे संदर्भ तपासण्यात घालवते.

माझ्याकडे शोधाची विनंती नोंदवायचा एक पानी फॉर्म आहे. त्यात मी तीन रकाने वाढवलेत : औषध किंवा पद्धत पहिल्यांदा कधी वापरली गेली, कोणत्या डेटाबेसमध्ये कोणत्या सालापासून पाहिलं, आणि कालमर्यादा घातली असेल तर का. तिसरा रकाना पहिल्यांदा बहुतेक जण रिकामा सोडतात. मग मी फॉर्म परत देते आणि १९५४ चा तो लेख पडद्यावर उघडते. तो आता फुकट वाचता येतो, आठ पानांचा आहे. शोधायला दोन शब्द लागतात आणि डाव्या बाजूचं कुठलंही बटण न दाबणं.